अडकलेली अक्कलदाढ : लक्षणांची ओळख आणि आपले उत्तरदायित्व

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षात शिकणारा एक २१ वर्षांचा विद्यार्थी उजव्या कानाच्या ठणक्याची तक्रार घेऊन आला. कानातून स्राव नव्हता, ऐकण्यात उणेपणा नव्हता, पडदाही निर्मळ दिसत होता. परीक्षेचे जागरण, रूक्ष अन्न आणि थंडीचे दिवस लक्षात घेऊन आम्ही वातज कर्णशूलाचे निदान केले व कर्णपूरण, स्नेहन, स्वेदन असा क्रम योजिला. दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी ठणका पुन्हा सुरू झाला. असे तीन आठवडे गेले. अखेरीस एके सकाळी तो आला तो तोंड पुरते न उघडताच बोलू लागला, आणि मुखदुर्गंधी टेबलाच्या या बाजूपर्यंत जाणवली. तेव्हा कुठे आम्ही बॅटरी हाती घेतली. उजव्या बाजूच्या खालच्या शेवटच्या दाढेवर हिरडीची लालबुंद, सुजलेली झालर चढली होती व तिच्या कडेखालून पू येत होता. व्याधी कानात नव्हता. तो अडकलेल्या अक्कलदाढेत होता. तीन आठवडे आम्ही रुग्णाचा कान पाहिला, मुख पाहिले नाही.

ही चूक आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत आहोत. दंतरोग हा दंतवैद्यांचा विषय आहे असे म्हणून आपण तो बाजूस सारतो. परंतु रुग्ण मात्र प्रथम आपल्याकडेच येतो. कान दुखतो म्हणून, घसा धरला म्हणून, मान आखडली म्हणून, डोके दुखते म्हणून तो वैद्याकडे येतो, आणि त्याहीपूर्वी औषधाच्या दुकानाच्या फळीशी उभा राहून वेदनाशामक गोळी मागतो. म्हणूनच या व्याधीची लक्षणे ओळखण्याची दृष्टी वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांनाही असणे अगत्याचे आहे.

दाढ का अडकते?

मनुष्याच्या मुखात ३२ दात असतात, ही गणना चरकसंहितेच्या शारीरस्थानातही आहे आणि आधुनिक शारीरातही. काश्यपसंहितेच्या दंतजन्मविषयक अध्यायात काही दात एकदाच उगवणारे, म्हणजे सकृज्जात, व उर्वरित द्विज असा भेद केलेला आढळतो. अक्कलदाढ ही अशी एकदाच उगवणारी दाढ. ती सर्व दातांत उशिरा, साधारणतः १७ ते २५ या वयात बाहेर येते. चार कोपऱ्यांत चार, अशी त्यांची संख्या. मात्र काही व्यक्तींत एखादी दाढ मुळातच तयार झालेली नसते, आणि तोही दोष नव्हे.

शेवटी येणाऱ्यास जागा कमी पडावी, तसे या दाढेचे होते. जबड्याची वाढ पुरी होत आलेली असते, पुढच्या दाढांनी आपापली स्थाने घेतलेली असतात आणि मागे जबड्याचे उभे हाड आडवे येते. मग ही दाढ सरळ वर न येता वाट सापडेल तिकडे कलते. तिचे कलणे चार प्रकारचे : पुढच्या दाढेकडे झुकलेली, मागे झुकलेली, पूर्ण आडवी, आणि उभीच परंतु हाडात वा हिरडीखाली रुतून बसलेली. खालच्या जबड्यात पुढे झुकलेला प्रकार विशेष आढळतो. विंटर यांनी १९२६ मध्ये या कलांवरून केलेले आणि पेल व ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये जागेची उपलब्धता व खोली यांवरून केलेले वर्गीकरण दंतवैद्यकात आजही वापरले जाते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी घ्यावी. पूर्णपणे हाडात गाडलेली दाढ अनेकदा वर्षानुवर्षे निमूट राहते. उपद्रव देते ती अर्धवट बाहेर आलेली दाढ. तिचा काही भाग मुखात उघडा, काही भाग हिरडीच्या झालरीखाली झाकलेला, अशी स्थिती असते. त्या झालरीखालच्या खोबणीत अन्नकण शिरतात. ब्रश तेथे पोहोचत नाही, चूळ तेथवर जात नाही. अन्न कुजते, जंतू वाढतात, झालर सुजते. सुजलेली झालर वरच्या दाढेखाली चावली जाते, त्यामुळे ती अधिकच सुजते. हे दुष्टचक्र म्हणजेच या व्याधीची संप्राप्ती.

संहितांतील वर्णन

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील मुखरोगाध्यायात सात आयतनांतील ६५ मुखरोग वर्णिलेले आहेत, त्यांपैकी १५ दंतमूलगत आहेत. त्यांतील 'अधिमांस' या व्याधीचे वर्णन वाचताना उपरोक्त विद्यार्थ्याची मूर्ती आमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. हनूच्या अगदी शेवटच्या दाताशी मोठा शोथ, तीव्र वेदना, लालास्राव आणि कफाचे प्राधान्य, असे हे चित्र आहे. स्थान, शोथ, रुजा व स्राव ही चारही लक्षणे अर्धवट उगवलेल्या दाढेवरील सुजलेल्या झालरीशी तंतोतंत जुळतात.

त्याच गणातील 'वर्धन' हा दुसरा व्याधी. वायूमुळे अधिक दात उत्पन्न होतो, तो उगवताना तीव्र वेदना असते आणि उगवून आल्यावर ती शमते, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. शब्दशः पाहता हे अतिरिक्त दाताचे वर्णन आहे. तथापि 'उगवल्यावर वेदना शमते' ही खूण व्यवहारात फार उपयोगी आहे. अक्कलदाढ सरळ येत असेल तर काही दिवसांची वेदना हा तिचा स्वाभाविक क्रम होय, तेथे शस्त्राची गरज नाही. परंतु वेदना वारंवार परत येत असेल आणि दाढ मात्र तसूभरही पुढे सरकत नसेल, तर ती अडकलेली आहे असे समजावे.

चिकित्सास्थानात अधिमांसासाठी प्रथम छेदन सांगितले आहे. तदनंतर वचा, तेजोवती, पाठा, स्वर्जिकाक्षार व यवक्षार यांच्या चूर्णाचे मधासह प्रतिसारण, पिप्पली व मधाचा कवल, आणि धावनासाठी पटोल, त्रिफळा व निंब यांचा कषाय. म्हणजेच केवळ औषधाने भागत नाही, शल्यकर्म हेच येथे मुख्य आहे, हे सुश्रुताचार्यांना स्पष्टपणे अभिप्रेत होते. आपण मात्र व्यवहारात चूर्ण आणि काढा तेवढा घेतो व छेदन विसरतो.

लक्षणांचा क्रम

हा व्याधी एकाएकी पुढे येत नाही. त्याच्या पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीवरच तो ओळखता आल्यास रुग्णाचे पुष्कळ क्लेश वाचतात.

पूर्वरूपात जबड्याच्या कोपऱ्यात जडत्व वा दाब जाणवतो. सकाळी तोंडाला विचित्र, खारट वा कडवट चव असते. मागच्या दाढेत अन्न अडकते व काडीने कोरण्याची सवय लागते. दात घासताना त्या ठिकाणी थोडे रक्त येते. रुग्ण त्या बाजूने चावण्याचे नकळत टाळतो. विचारल्याखेरीज यांतील काहीही तो सांगत नाही.

रूपावस्थेत वेदना स्पष्ट होते. ती दाढेपुरती न राहता कान, शंखप्रदेश, घसा व मान यांकडे पसरते. कारण असे की, ट्रायजेमिनल या चेतेची जी शाखा खालच्या दाढांना संवेदना पुरवते, तिचेच तंतू कानाच्या पुढील भागाकडेही जातात. त्यामुळे मेंदूस वेदनेचे मूळ स्थान नेमके ओळखता येत नाही. हिरडी लाल, मऊ व स्पर्शासह होते, दाबल्यास पू येतो. मुखदुर्गंधी वाढते. गिळताना त्या बाजूस दुखते. हनूच्या खालच्या ग्रंथी सुजतात आणि बोटांना दुखऱ्या गाठी लागतात.

त्यापुढील पायरी हनुग्रहाची. शोथ चर्वणाच्या पेशींपर्यंत पोहोचला की तोंड उघडणे कठीण होते. गालावर बाहेरून सूज येते, ज्वर येतो, अंग मोडून येते. तोंड उघडत नाही म्हणून अन्न जात नाही, अन्न जात नाही म्हणून बलक्षय होतो. या अवस्थेतील रुग्ण घरगुती उपायांच्या पलीकडे गेलेला असतो.

काही लक्षणे वेदनेवाचून येतात, म्हणून ती निसटतात. पुढे झुकलेली दाढ शेजारच्या दाढेस टेकून राहते. त्या सांध्यात अन्न साचून शेजारची निरोगी दाढ मागच्या बाजूने किडते. ती बाहेरून दिसत नाही, आणि दुखू लागते तेव्हा कीड खोल गेलेली असते. गाडलेल्या दाढेच्या कोशात द्रव साचून हाडात गळू तयार होणे, हाही असाच निःशब्द उपद्रव आहे. हाड फुगेपर्यंत तो कळत नाही. वरची अक्कलदाढ बहुधा गालाकडे कलते. तेथे गालाच्या आतील त्वचेस वारंवार चावा बसून व्रण पडतो.

आणखी एक दात लक्षात ठेवावा, तो म्हणजे वरचा सुळा. अक्कलदाढेखालोखाल अडकण्याचा मान त्याचा. हा सुळा ११ ते १२ या वयाच्या सुमारास येतो. १३ वर्षांच्या मुलाच्या मुखात दुधाचा सुळा तसाच घट्ट असेल, किंवा एका बाजूचा सुळा येऊन दुसऱ्या बाजूचा आला नसेल, तर वेदना नसतानाही पालकांना दंतवैद्याकडे पाठवावे. त्या वयात दाताला वाट करून देता येते. पुढे ते अवघड होते.

परीक्षणाची पद्धत

यासाठी फार साधने लागत नाहीत. एक चांगली बॅटरी, जीभ दाबण्याची पट्टी, हातमोजे आणि पाच मिनिटांचा वेळ पुरेसा आहे.

प्रथम प्रश्न विचारावेत. वय काय? असा त्रास पूर्वी किती वेळा झाला? दरवेळी त्याच बाजूस होतो काय? अक्कलदाढ पूर्ण आली आहे काय? गिळताना वा श्वास घेताना अडचण आहे काय? मधुमेह, हृदयाच्या झडपेचा विकार, रक्त पातळ करणारे औषध, गर्भधारणा यांपैकी काही आहे काय? सुपारी वा तंबाखूची सवय आहे काय? १७ ते ३० वयोगटातील रुग्णास त्याच जागी वारंवार वेदना होत असल्यास दर्शनापूर्वीच अर्धे निदान झालेले असते.

नंतर तोंड उघडण्याची मर्यादा पाहावी. तर्जनी, मध्यमा व अनामिका ही रुग्णाची स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये गेली, तर उघडणे प्राकृत समजावे. दोनच बोटे जात असल्यास सावध व्हावे. एकच जात असल्यास त्याच दिवशी पुढे पाठवावे. ही मोजणी रुग्णपत्रिकेवर लिहून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी वृद्धी की ह्रास ते समजते.

मग दात मोजावेत. मधल्या रेषेपासून मागे जाताना आठवा दात ती अक्कलदाढ. सातव्याच्या मागे केवळ हिरडी दिसत असेल वा दाढेचे एखादेच टोक डोकावत असेल, तर तेथे हलकेच दाबून वेदना व स्राव पाहावा. सातव्या दाढेची मागील बाजू, गालाची आतील त्वचा, जिभेखालची जागा व घसा हेही पाहावे. शेवटी बाहेरून हनूखालच्या ग्रंथी चाचपाव्यात.

निश्चिती मात्र क्ष-किरण चित्रानेच होते. ओपीजी या एका चित्रात दोन्ही जबडे, सर्व दात, दाढेचा कल, मुळांचा आकार आणि खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या चेतेच्या नलिकेशी मुळांचे सान्निध्य हे सारे दिसते. नलिका मुळांस अगदी लगटून असल्यास दंतशल्यविशारद त्रिमितीय स्कॅन करवून घेतात.

व्यवच्छेदक निदान

जबड्याच्या कोपऱ्यातील प्रत्येक वेदना अक्कलदाढेचीच असते असे नाही. खालील व्याधींपासून भेद करणे आवश्यक आहे.

थंड वा गरम पदार्थाने कळ येणे, आडवे होताच ठणका वाढणे, ही किडलेल्या दाढेतील मज्जाशोथाची खूण. घशाच्या गळवातही तोंड उघडत नाही, परंतु तेथे एका बाजूचा टॉन्सिल पुढे ढकललेला व पडजीभ दुसऱ्या बाजूस सरकलेली दिसते. गालगुंडात सूज कानाच्या पाळीखाली व पुढे असते आणि पाळी वर उचलली जाते. लालाग्रंथीतील खड्याची सूज जेवताना वाढते. जबड्याच्या सांध्याच्या विकारात कटकट आवाज येतो, हिरडी मात्र निर्दोष असते. विजेच्या झटक्यासारखी, काही क्षणच टिकणारी, चेहऱ्याला हात लावताच उठणारी आणि बहुधा पन्नाशीनंतरची वेदना चेतेची असते.

दोन्ही बाजूंनी दातखीळ, मान-पाठीचे आखडणे आणि अलीकडील जखम अशी लक्षणे असल्यास धनुर्वाताचा विचार करून रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा. मध्यमवयीन वा वृद्ध व्यक्तीस चालताना वा श्रमाने डाव्या जबड्यात कळ येत असेल, विश्रांतीने थांबत असेल, तर ती हृदयाची असू शकते. तेथे दाढ शोधत बसू नये.

आपल्या महाराष्ट्रात एक भेद विशेष महत्त्वाचा आहे. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तथापि सुपारी व तंबाखू चघळण्याची सवय समाजातून गेलेली नाही. सुपारीमुळे मुखाची त्वचा आतून आवळत जाते. तेथे तोंड हळूहळू, महिनोन्महिने, फारशा वेदनेवाचून मिटत जाते; तिखट सोसवत नाही; गालाची आतील त्वचा पांढुरकी दिसते व बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात. अक्कलदाढेचा हनुग्रह मात्र काही दिवसांत येतो आणि वेदनेसह येतो. दोन्ही व्याधी एकत्रही असू शकतात. तसेच दाढेच्या मागे वा गालात दोन-तीन आठवड्यांत न भरणारा, कडेने कठीण लागणारा व्रण असल्यास, किंवा खालच्या ओठास कारणावाचून बधिरता आली असल्यास, 'दाढेचे असेल' असे म्हणून वाट पाहू नये. अर्बुदाची शक्यता मनात धरून तपासणीस पाठवावे.

जेथे विलंब प्राणघातक ठरतो

आमच्या परिचयातील एका चालकाने पाच दिवस दाढदुखी गोळ्यांवर रेटली. दुकानातून रोज दोन गोळ्या, कधी शिल्लक राहिलेले प्रतिजैविक. वेदना दबत होती, शोथ मात्र खाली उतरत होता. सहाव्या दिवशी सायंकाळी तो आमच्याकडे आला तेव्हा हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कठीण झालेला होता, जीभ वर उचलली गेली होती, लाळ गिळता येत नव्हती, आवाज घोगरा व गुदमरलेला होता. आडवे झोपवताच तो उठून बसला. आम्ही एकही औषध न देता त्याला बसलेल्या स्थितीतच जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले व पुढे दूरध्वनी केला. त्या रात्री श्वासनलिकेस छेद देऊन त्याचा श्वास वाचवावा लागला. तो वाचला. आणखी चार तास घरी काढले असते तर वाचला नसता, असे तेथील शल्यतज्ज्ञ म्हणाले.

जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णिलेला हा उपद्रव होय. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळे जिभेखालील स्नायूच्या पातळीच्याही खाली पोहोचतात, म्हणून तेथील पू मुखात न फुटता हनूखाली व मानेत उतरतो आणि श्वासमार्ग दाबतो. यास्तव पुढील लक्षणे प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात ठळक लिहून लावावीत, असे आम्ही सुचवितो : जिभेखाली वा हनूखाली सूज, लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, आडवे होता न येणे, श्वासास त्रास, थंडी वाजून ज्वर, तोंड एका बोटाहून अधिक न उघडणे, डोळ्यापर्यंत चढलेली सूज. यांतील एकही लक्षण दिसल्यास औषध न देता रुग्ण रुग्णालयात पाठवावा.

चिकित्सालयात काय करावे, काय टाळावे

सौम्य अवस्थेत, ज्वर व हनुग्रह नसताना, धावन हाच पाया आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी. पटोल, त्रिफळा व निंब यांचा गाळलेला कोमट कषाय कवलासाठी उत्तम. मऊ ब्रशने दाढेचा मागील भाग स्वच्छ ठेवावा. आहार मृदू व द्रव असावा. सुपारी, तंबाखू, धूम्रपान वर्ज्य. क्षारयुक्त प्रतिसारण सुजलेल्या, सोललेल्या हिरडीवर दाह करते, म्हणून ते अनुभवी हातांनीच व अल्प मात्रेत करावे. दोन दिवसांत उतार न पडल्यास, किंवा हाच त्रास दुसऱ्यांदा उद्भवल्यास, दंतवैद्याचे मत घ्यावे.

बाहेरून गालावर शेक देऊ नये. वातज वेदना समजून केलेले स्वेदन येथे पाक वाढवते. सुश्रुताचार्यांनी आमपक्वैषणीय अध्यायात आम शोथ छेदणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही वैद्यांना सारखेच दोषी ठरविले आहे. तो इशारा येथे नित्य स्मरावा. लवंगतेल हिरडीवर थेट ओतू नये, त्याने त्वचा भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवण्याचा घरगुती प्रघात तर सर्वस्वी त्याज्य आहे. तेथे पांढरा, भाजलेला व्रण पडतो.

जालंधर बंधाने दात काढण्याची परंपरा आपल्या वैद्यकात आहे व तिचा आम्हांस आदर आहे. परंतु ती मुखात उगवलेल्या, हातात येणाऱ्या दातासाठी. हाडात रुतलेली दाढ काढताना हिरडी उघडावी लागते, हाड कोरावे लागते, कधी दाढेचे तुकडे करावे लागतात. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शल्यकर्मे नमूद केली, त्यांत काही दंतकर्मेही आहेत. तथापि जे कर्म आपण शिकलो नाही ते करू नये, हा नियम कोणत्याही अधिसूचनेहून जुना आहे. वरचा दात उपटल्याने अतिरक्तस्राव होऊन एकाक्षता व अर्दित संभवते, असे सुश्रुताचार्यांनी बजावले आहे. शस्त्रविद्येच्या आद्य आचार्यांनीच मर्यादा आखून दिली असताना ती पाळण्यात उणेपणा नाही.

त्याचबरोबर, अडकलेली प्रत्येक दाढ काढलीच पाहिजे असेही नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० मध्ये, रोगरहित व निमूट असलेली अक्कलदाढ केवळ ती आहे म्हणून काढू नये, असे मार्गदर्शन केले. रुग्णास भीती घालून पाठवू नये. कारण सांगून पाठवावे. पाठविताना चिठ्ठीवर लक्षणांचा कालावधी, तोंड उघडण्याची मोजणी, ज्वर, दिलेली औषधे व अन्य व्याधी लिहाव्यात.

औषधविक्रेत्यांस विनंती

दाढदुखीवर गोळी मागणारा ग्राहक तीन प्रश्नांचा अधिकारी आहे : किती दिवसांपासून? तोंड पूर्ण उघडते काय? सूज वा ताप आहे काय? दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा त्याच कारणासाठी आलेल्या ग्राहकास गोळीसोबत दंतवैद्याचा पत्ता द्यावा.

वेदनाशामक देताना आम्लपित्ताचा व्रण, दमा, वृक्कविकार, रक्त पातळ करणारी औषधे यांविषयी विचारावे. गर्भिणीस स्वतःहून वेदनाशामक देऊ नये. पावसाळ्यात ज्वरासह आलेल्या रुग्णास डेंग्यूची शक्यता नाकारल्याशिवाय आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक देणे रक्तस्रावास आमंत्रण ठरू शकते.

प्रतिजैविके चिठ्ठीवाचून देऊ नयेत, हा कायदा आहे. आणि त्यामागील कारणही समजून घ्यावे. दोन दिवसांच्या अर्धवट मात्रेने वेदना थांबते, झालर व खोबण तशीच राहते, जंतू मात्र चिवट होतात. तो ग्राहक महिन्याने परत येतो, आणि त्या वेळी औषध लागू पडत नाही. दंतवैद्यांच्या चिठ्ठीत मेट्रोनिडाझोल वारंवार असते. त्यासोबत मद्यार्क घेऊ नये अशी सूचना वेष्टनावरच असते. आसव व अरिष्ट यांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो, ही बाब रुग्णास ठाऊक नसते व अनेकदा दंतवैद्यासही सुचत नाही. तेवढे दिवस आसवारिष्टे थांबविण्याचा सल्ला आपल्याच दुकानातून दिला गेला पाहिजे.

दाढ काढल्यानंतर

रुग्ण दाढ काढून पुन्हा आपल्याकडेच येतो. पहिले २४ तास चूळ, कवल, गंडूष काहीही नको; जोरात थुंकणे नको, धूम्रपान नको. खळग्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तेथील औषध आहे. ती निघून गेली की हाड उघडे पडते व दुसऱ्या ते चौथ्या दिवशी वेदना कमी होण्याऐवजी एकाएकी वाढते. अशा रुग्णास काढा न देता ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे परत पाठवावे. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ भरावी. त्रिफळाक्वाथाचा कवल खळगा भरू लागल्यावर.

समारोप

ज्या विद्यार्थ्याच्या उल्लेखाने आम्ही आरंभ केला, त्याची दाढ दंतशल्यविशारदांनी काढली आणि कानाचा ठणका त्यानंतर परतला नाही. आमच्या कर्णपूरणाचे तेल चांगले होते, मात्राही योग्य होती. स्थान तेवढे चुकले होते. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात एक नियम आहे. कान, घसा, मान वा शिर यांच्या वेदनेची तक्रार घेऊन तरुण रुग्ण आला, की नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी तीन बोटांची मोजणी होते आणि मुखात बॅटरी फिरते. दोन मिनिटांचे हे काम आहे. आमच्या वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधविक्रेत्या मित्रांनी ते आपल्या नित्यक्रमात समाविष्ट करावे, एवढीच नम्र विनंती. इत्यलम्.